सोडली म्हणून सांगितलेली बिडी

आमच्या केंद्रातल्या समुपदेशक ताई मागे एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुमचा अनुभव लिहून द्या. नवीन पेशंटांना वाचायला देता येईल." मी म्हणालो, "लिहितो, पण खरं लिहिलं तर त्यात माझ्याबद्दल चांगलं फारसं निघायचं नाही." त्या म्हणाल्या, "मग तसंच लिहा."

मी धरणगावला राहतो. एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला आहे. कापसाची गाडी काट्यावर चढली की आकडा बघायचा आणि पावती फाडायची. वय चव्वेचाळीस. चौदा वर्षांपासून मला एचआयव्ही आहे, आणि सत्तावीस वर्षं मी बिडी ओढली. माझं नाव इथे नाही, कारण माझ्या मुलीला यातलं अजून अर्धंच माहीत आहे.

तपासणीचा आठवडा

सुनंदाला, माझ्या बायकोला, तिसरा महिना होता. जळगावला तपासणीला नेलं, रक्त घेतलं. आठवड्याने गेलो तर नर्स म्हणाली, दोघं आत या. आतल्या बाईंनी माझंही रक्त घ्यायला लावलं. थोड्या वेळाने दोन कागद टेबलावर ठेवले. दोन्हींवर एकच शब्द होता.

बाई समजावत होत्या. गोळ्या घेतल्या तर बाळ वाचू शकतं, तुम्ही दोघंही नीट जगू शकता. सुनंदा ऐकत होती, मान हलवत होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो होतो. हे कुठून आलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. लग्नाआधी तीन वर्षं मी सुरतेला मिलमध्ये होतो. तिथे मी कुठे कुठे जायचो, ते मला माहीत होतं.

घरी आल्यावर सुनंदाचा कागद तिच्या पिशवीत राहिला. माझा कागद मी खिशात घातला होता. दुसऱ्या दिवशी आईला पिशवीतला कागद सापडला. शेजारच्या मेडिकलवाल्याकडून तिने तो वाचून घेतला. मग घरात जो आवाज उठला तो गल्लीभर गेला असेल. आई म्हणत होती, "तिन्हा माहेरथून आनेल शे हाऊ रोग. मना पोऱ्याना संसार बुडाया तिनी."

मी ओट्यावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. आई, माझाही कागद आहे, आणि हे माझ्याकडून आलंय. मी बिडी पेटवली. ती संपत आली तेव्हा तिच्यावरच दुसरी पेटवली. आत सुनंदा एक शब्द बोलत नव्हती. माझ्या खिशात काय आहे ते तिला माहीत होतं. ती वाट बघत होती, मी काय बोलतो त्याची.

तिसऱ्या दिवशी आईने तिला बोदवडला माहेरी पाठवून दिलं. पोटुशी बाई एका पिशवीनिशी गाडीत बसली आणि मी तिला स्टेशनवर सोडून आलो. तेव्हाही बोललो नाही.

आठव्या दिवशी बोललो. आई भिंतीकडे तोंड करून झोपली, दोन दिवस जेवली नाही. मग स्वतः बोदवडला गेली आणि व्याह्यांच्या देखत सुनेचे पाय धरायला वाकली. मी माफी मागितली नाही. नवरा-बायको आहोत, तिला समजलंच असेल, असं धरून चाललो.

मुलगी झाली. दीड वर्षाची होईपर्यंत तिच्या तपासण्या चालल्या. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्या दिवशी सुनंदाने गल्लीत पेढे वाटले. लोक विचारत, कशाचे? ती म्हणायची, "पोरगी चालायला लागली म्हणून."

एवढं झालंय, तर

एचआयव्हीची औषधं आम्ही धुळ्याच्या सरकारी केंद्रातून आणतो. जळगाव जवळ पडतं, पण तिथे ओळखीचे फार. जिनिंगचे व्यापारी, हमाल, सुनंदाचे नातेवाईक, कोण कुठल्या रांगेत भेटेल सांगता येत नाही. धुळ्यात आम्हाला कुणी ओळखत नाही.

गोळ्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे. चौदा वर्षांत वेळ चुकवली नाही म्हटलं तरी चालेल. रक्तातला विषाणू मोजतात, तो माझ्यात सापडेनासा झाला. डॉक्टर खूश असायचे. एकदा छातीला नळी लावून म्हणाले, "एचआयव्ही तुम्ही आवरलाय. पण छाती वाजतेय. बिडी किती?"

"चार-पाच, सर."

होत्या वीस-बावीस.

या आजाराच्या माणसाला बिडी दुपटीने महाग पडते, हृदयाला आणि फुप्फुसाला दोन्हींकडे, असं त्यांनी सांगितलं. कळत होतं. पण मनात एक जुनं वाक्य बसलेलं होतं. एवढं झालंय, तर आता बिडीने काय बिघडणार? हे वाक्य मी त्या आठवड्यात ओट्यावर स्वतःला सांगितलं होतं आणि नंतर कधी तपासून पाहिलं नाही. आमच्यासारख्या पुष्कळ जणांच्या तोंडून मी नंतर तेच ऐकलं. आजार लपवायचा असतो. ज्याच्याशी बोलता येईल असं कुणी नसतं. बिडी काही विचारत नाही.

गंमत अशी, की कामावर मी तास न् तास बिडीविना राहायचो. जिनिंगमध्ये कापसाचे डोंगर असतात, एका ठिणगीत सगळं जाईल. फाटकावर माचिस आणि बंडल काढून ठेवावं लागतं. मी चार-चार तास आत असायचो आणि मरायचो नाही. तरी डॉक्टरांना सांगायचो, "सर, तासभरसुद्धा निघत नाही."

मी सांगितलं, सोडली

समुपदेशक ताई नवीन आल्या होत्या. तिशीच्या, बोलायला थेट. दर वेळी विचारायच्या, "भाऊ, बिडीचं काय?" टेबलावर निकोटीनचं च्युइंग गम ठेवायच्या. एक तारीख ठरवा, घरी सांगा, तलफ आली की पाच मिनिटं ढकला, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. माझं पाठ झालं होतं.

एका महिन्यात मी आत गेलो तेव्हा आधीची बाई रडत बाहेर पडत होती. तिचा नवरा गेला होता. ताईंचे डोळे लाल होते. त्यांनी सवयीने विचारलं, "भाऊ, बिडीचं काय?" आणि मी म्हणालो, "सोडली, ताई. महिना झाला."

का म्हणालो, ते मी आजपर्यंत नीट सांगू शकत नाही. त्यांना बरं वाटावं, हे एक झालं. दुसरं हे, की कुणीतरी माझ्याकडे कौतुकाने बघावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. ताई खुर्चीतून उठल्या. "खरंच? अहो, सकाळपासून पहिली चांगली बातमी आहे ही!" लगेच जाऊन डॉक्टरांनाही सांगून आल्या.

घरी येऊन सुनंदालाही तेच सांगावं लागलं, कारण पुढच्या वेळी ती बरोबर येणार होती. तिने देवापुढे साखर ठेवली. तेव्हापासून मी घरात ओढायची बंद केली आणि बाहेर दुप्पट ओढू लागलो. खिशात बडीशेप, पिशवीत दुसरा शर्ट.

औषधाच्या दिवशी केंद्रात दहा-बारा जणांची बैठक व्हायची. ताईंनी मला पुढे खुर्ची दिली. "भाऊंनी सत्तावीस वर्षांची बिडी सोडली. त्यांनाच विचारा."

मी बोललो. लाज वाटते सांगायला, पण चांगला बोललो. तलफ कशी येते, जेवल्यावर हात कसा खिशाकडे जातो, कुणी ओरडलं की कशी आठवण होते, हे सगळं मला आतून माहीत होतं. जिनिंगच्या फाटकाची गोष्ट सांगितली. "चार तास मी तिथे राहतो ना? म्हणजे राहता येतं." लोक माना डोलवत होते. गोष्ट खरी होती. ती सांगणारा खोटा होता.

सुकदेव नाना

त्या बैठकीत मागे एक म्हातारा बसायचा, सुकदेव नाना. साठीच्या पुढचा, काटक. गावोगाव जाऊन बाजा विणायचा, म्हणजे दोरीच्या खाटा. बायको जाऊन आठ-दहा वर्षं झालेली. घरात एकटाच. गावात कुणाला आजार माहीत नव्हता. बैठक संपल्यावर तो माझ्याजवळ आला.

"भाऊ, माले चाळीस वरीस व्हयनात बिडी वढता वढता. तू सांगस तसं खरंच व्हस का?"

"होतं, नाना."

"तू सोडू शकना, तं मी का नही?" असं म्हणून त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू लिखेल-वाचेल माणूस. तू खोटं कसाले सांगशी?"

पुढच्या महिन्यात तो मला शोधतच आला. कोपरीच्या खिशातून सुतळीचा तुकडा काढला. बिडीशिवाय गेलेल्या दर दिवसाला एक गाठ मारली होती. एकोणीस गाठी होत्या. त्या पुढच्या महिन्यात तुकडा लांबला होता. बैठकीत सगळ्यांना दाखवला तेव्हा टाळ्या वाजल्या. नाना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मना गुरू हाऊ शे."

त्या दिवशी मला वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं. पण बारा माणसांचे चेहरे समोर होते, आणि ताई हसत होत्या. मग मनात दुसरा विचार आला. माझ्या खोटेपणाने का होईना, म्हाताऱ्याची सुटली ना? मग काय वाईट? त्या विचाराच्या आडोशाने मी आणखी तीन महिने काढले.

धुळ्याच्या स्टँडवर

औषधं घेऊन निघालो की मी बसस्टँडच्या मागे जायचो. तिथे भिंतीला लागून पाण्याची टाकी आहे, तिच्या पलीकडे कुणी फिरकत नाही. सकाळपासून चांगुलपणाचं सोंग केलेलं असायचं, त्यामुळे पहिला झुरका फार गोड लागायचा.

त्या दुपारी मी डोळे मिटून झुरका घेतला आणि उघडले तर समोर नाना. त्याची बस उशिरा होती, तो पाण्याची बाटली भरायला आला होता. बाटली हातात, नळ चालू, पाणी वाहून जात होतं.

मी बिडी टाकली नाही. टाकायचंही सुचलं नाही.

मला वाटलं, नाना शिव्या देईल. त्याने आधी नळ बंद केला, बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "केधळपासून?"

केव्हापासून, असं तो विचारत होता. मी म्हणालो, "नाना, सोडलीच नव्हती."

"बठ्ठं खोटं?"

सगळंच खोटं होतं. मी मान खाली घातली. त्याने हात पुढे केला. "मंग माले बी दे."

"नाना, नको. तुमचे पाच महिने झालेत."

"दे म्हंतस ना."

आणि मी दिली. एवढंच नाही, काडी पेटवून त्याच्यापुढे धरली. पाच महिन्यांनी त्याने झुरका घेतला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. ते ठसक्याचं होतं की कशाचं, मी बघितलं नाही. दोघांनी शेजारी उभं राहून बिड्या संपवल्या. त्याची बस लागली. बाटली घेऊन तो चढला.

पुढच्या औषधाच्या दिवशी नाना आला नाही. ताई म्हणाल्या, "नाना कसे चुकले? त्यांच्या गोळ्या तर संपल्या असतील." मी म्हणालो, "कामात असतील."

एरंडोलचा फाटा

दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम भरात होता. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. मी काट्याच्या केबिनच्या चार पायऱ्या चढलो आणि छातीवर कुणी कापसाची गाठ ठेवावी तसं झालं. डावा हात जड झाला. शर्ट घामाने भिजला. शेठजींनी बघितलं आणि स्वतःची गाडी काढायला लावली. वाटेत घरून सुनंदाला घेतलं.

एरंडोलला हायवे लागतो. डावीकडे जळगाव जवळ, उजवीकडे धुळं दुपटीने लांब. ड्रायव्हरने गाडी जळगावकडे वळवायला घेतली. मी म्हणालो, "धुळ्याला."

ड्रायव्हर मागे वळला. "भाऊ, जळगावले पटकन पोहोचू."

"धुळ्याला घे."

का ते सुनंदाला कळलं. जळगावच्या दवाखान्यात आजार सांगावा लागला असता, आणि ओळखीचं कुणीतरी तिथेच उभं असतं. रात्र व्हायच्या आत जिनिंगभर झालं असतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, हात घट्ट धरला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "तिकडे आमचे ओळखीचे डॉक्टर आहेत. धुळ्यालाच घ्या." माझी लाज झाकायला ती पुन्हा एकदा पुढे झाली. पारोळा येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी मरणार, हे मला पक्कं वाटत होतं, आणि तरी मनात हेच चाललं होतं, की शर्टाच्या खिशात बंडल आहे, ते सुनंदाच्या हाताला लागू नये.

वाचलो. हृदयाची एक नळी बंद झाली होती, ती उघडली. डॉक्टर नंतर म्हणाले, "आणखी उशीर झाला असता तर आपण बोलत नसतो. जवळ का गेला नाहीत?"

वॉर्डातला प्रश्न

वॉर्डातले दिवस एकसारखे असतात. पहाटे सुई, मग चहा, मग झाडू, मग डॉक्टरांची फेरी. माझ्या कागदावर आजार लिहिलेला होता. मी दबकून असायचो, सिस्टर लांबून बोलेल, ताट लांबून सरकवील. एक वयस्कर सिस्टर होती. ती रोज सकाळी रक्तदाब घ्यायची तेव्हा माझ्या कपाळावर उघडा हात ठेवायची. ताप बघायला थर्मामीटर होतं तिच्याकडे, तरी हात ठेवायची. तेवढ्याने दिवस निघायचा.

तिसऱ्या दिवशी फेरीत तरुण डॉक्टर फाइल भरत होते. "धूम्रपान?"

मी तोंड उघडायच्या आत सुनंदा म्हणाली, "नाही हो, कधीच सोडली त्यांनी. सहा महिने होऊन गेले. दुसऱ्यांनाही सोडायला सांगतात, केंद्रात विचारा तुम्ही." बोलताना तिची मान ताठ होती. इतकी वर्षं या आजारामुळे ती दवाखान्यात मान खाली घालून बसायची. त्या दिवशी तिला माझ्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी होतं.

डॉक्टरांनी लिहायला पेन टेकवलं. मी म्हणालो, "सर, लिहू नका. ओढतो मी. झटका आला त्या सकाळीही ओढली होती. सोडलीच नव्हती."

डॉक्टर थांबले, माझ्याकडे आणि तिच्याकडे बघितलं, आणि "बरं झालं सांगितलंत, याचा उपचाराशी संबंध आहे" म्हणून पुढच्या खाटेकडे गेले.

सुनंदा स्टुलावर बसून राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "तेव्हाही तुम्ही असेच गप्प होता."

"कधी?"

"ओट्यावर. मी आतून बघत होते तुम्हाला. बिडीचा धूर दिसत होता मला दारातून. वाटायचं, ही संपली की बोलतील. मग तुम्ही दुसरी पेटवली. चौदा वर्षांत मला बिडीचा वास आला की मी त्या दिवसांत परत जाते. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सोडली म्हणालात तेव्हा मला काय वाटलं असेल, विचार करा."

मी म्हणालो, "माझं चुकलं. तेव्हाचंही."

"इतक्या वर्षांनी?"

"हो."

ती रडली नाही. "पाणी प्या," म्हणाली आणि ग्लास माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. घरी येईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. घरी आल्यावरही बरेच दिवस.

सोडणं

खरं सोडणं दिसायला अगदी साधं असतं. त्याला टाळ्या मिळत नाहीत. पहिले चार दिवस वॉर्डात गेले, तिथे भीतीनेच भागलं. घरी आल्यावर आठवडाभर डोकं भणभणायचं, चिडचिड व्हायची, पोट बिघडायचं, झोप लागायची नाही. मुलीवर उगाच ओरडलो. तिने आईला विचारलं, "पप्पांना काय झालंय?" सुनंदा म्हणाली, "बिडी सोडतायत. या वेळी." त्या "या वेळी"चा अर्थ फक्त मला कळला.

च्युइंग गम मी आता खरंच चघळायला लागलो. तिखट लागतं, हळू चावायचं आणि गालात दाबून ठेवायचं, हे मी दुसऱ्यांना समजावलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. जेवल्यावर घरात थांबायचो नाही, मुलीबरोबर चालायला निघायचो. ज्या टपरीवर उभा राहायचो त्या रस्त्याने जाणं बंद केलं.

चालता येऊ लागलं तसा केंद्रात गेलो आणि ताईंना सगळं सांगितलं, नानाच्या हातात बिडी दिल्याचंही. त्या म्हणाल्या, "मला राग आलाय, भाऊ. तुमचा आहेच. पण मलाही 'हो' ऐकायची घाई झाली होती. मी सगळ्यांसमोर खुर्ची दिली नसती, तर तुम्ही कदाचित पुढच्याच महिन्यात खरं बोलला असता." मग त्यांचा चेहरा बदलला. "नाना दोन महिने आलेले नाहीत. फोन लावला, उचलत नाहीत. आमचा माणूस गावात गेला तर त्याला म्हणाले, मी तो नव्हेच."

"मी जातो," मी म्हणालो. गावाचं नाव नानाने मला स्वतःच सांगितलेलं होतं.

"जा. पण गावात दवाखान्याचं नाव काढू नका, आजाराचं तर नाहीच."

बाज

मी बाज विणून घ्यायला आलोय, असं सांगत नानाचं घर विचारलं. तो अंगणात लिंबाखाली बसला होता, समोर अर्धी विणलेली बाज. फार उतरला होता. कोपरीतून गळ्याची हाडं दिसत होती. खोकत होता. शेजारीण ओट्यावर ज्वारी पाखडत होती.

त्याने मला ओळखलं. शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाज पाहिजे का?"

"हो, नाना."

"बस मंग. इतली व्हऊ दे."

शेजारीण सूप घेऊन आत गेल्यावर मी बोललो. झटका आला ते, वॉर्डात बोललो ते, आणि आता बिडीविना महिन्यावर दिवस झाले ते. त्याने दोरी ओढणं थांबवलं नाही. शेवटी मी विचारलं, "नाना, गोळ्या का सोडल्या?"

"तू बिडीनं खोटं सांगं," तो म्हणाला, "तं माले वाटनं, गोळ्यासनं बी खोटंच व्हई. त्या डॉक्टरनं बी. त्या ताईनं बी. बठ्ठा मिळीसन म्हाताराले बनवी राहिनात. मी त्या गोळ्या घेस कसाले?"

माझ्या खोट्याने एवढी मजल मारली असेल हे मला सुचलंही नव्हतं. मी फार तर त्याची बिडी परत लावली, असं धरून चाललो होतो.

मी पाकिटातून माझा रिपोर्ट काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, "यात लिहिलंय की माझ्यातला विषाणू सापडत नाही. गोळ्यांनी झालंय ते. हे खरं आहे, नाना."

त्याने कागदाकडे बघितलंही नाही. "तू सांगशी आनि मी मानसू?"

"नका मानू. माझ्याबरोबर चला आणि ताईंना विचारा, डॉक्टरांना विचारा. मी बाहेर उभा राहतो."

तो त्या दिवशी आला नाही. आठवड्याने मी पुन्हा गेलो, त्याही दिवशी आला नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा अंगणात थुंकीत रक्त पडलेलं होतं. त्या दिवशी तो मुकाट्याने बसमध्ये बसला.

टीबी निघाला. गोळ्या सुटलेल्या, अंगातली ताकद गेलेली, त्यात बिडी. ताईंनी मला कधी म्हटलं नाही की हे तुमच्यामुळे. म्हणायची गरजही नव्हती.

बैठकीत मी खुर्चीत न बसता उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं. एक जण उठून निघून गेला. एका बाईने विचारलं, "मग तुमची फाटकाची गोष्ट पण खोटी का?" मी म्हणालो, "ती खरी आहे, ताई." ती म्हणाली, "कोण जाणे." तिचं बरोबर होतं.

सकाळचा फोन

नानाचे टीबीचे महिने सुरू झाले, एचआयव्हीच्या गोळ्याही पुन्हा लागल्या. मी त्याला रोज फोन करून गोळ्यांची आठवण द्यायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "तू नको करू. मी करसू. रोज सकायले. तू फक्त इतलं सांगजो, वढी का नही."

तेव्हापासून रोज साडेसातला फोन येतो. "वढी?" तो विचारतो. "नाही," मी म्हणतो. "बरं." आणि फोन बंद. माझ्या "नाही"वर त्याचा विश्वास बसलाय असं आवाजावरून कधी वाटलं नाही.

सुनंदा चहा गाळता गाळता ऐकत असते. मधे एकदा तिने माझा धुतलेला शर्ट दोरीवरून काढला, नाकाला लावला, आणि घडी घालून माझ्या हातात दिला. कितीतरी दिवसांनी हातात दिला.

चार महिने झाले आणि एका संध्याकाळी जिनिंगच्या फाटकावर कुणाशी तरी वाद झाला. माझी चूक नव्हती, सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. बाहेर पडलो ते थेट टपरीवर. एक ओढली. संपूर्ण. घरी गेलो, तोंड धुतलं, जेवलो, झोपलो. सुनंदाला वास आला असणार. ती बोलली नाही. वाट बघत असावी.

सकाळी साडेसातला फोन वाजला. चूल तापलेली, सुनंदा पाठमोरी. मुलगी दप्तर भरत होती.

"वढी?"

सोपं होतं. रोजचा एकच शब्द होता, तोंडात बसलेला. मी ओट्यावर जाऊ शकलो असतो. तिथेच उभा राहिलो, सुनंदाला ऐकू येईल असा.

"हो, नाना. काल ओढली. एक."

पलीकडे खोकला आला, थांबला. इकडे सुनंदाचा हात पातेल्यावर तसाच राहिला होता.

"बरं," नाना म्हणाला. "आज खरं बोलना तू." आणि थोडं थांबून, "मी बी परवा दोन वढ्यात. ताईले सांगेल नही. आज सांगी देसू. आज दोन्हीसना पह्यला दिवस."

त्याला सात महिने झाले. नानाची थुंकी आता साफ आहे. फोन अजून येतो. पण त्या सकाळपासून माझं "नाही" ऐकलं की तो लगेच फोन ठेवत नाही. चहाचं विचारतो, "च्या पिदा का?"